घाट, गाडी आणि अश्वशक्ति



अलोरे हें आमचें गांव चिपळूण तालुक्यांत, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशीं वसलेलें आहे. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळें आपणांपैकीं कित्येकांना तें नांवानें ठाऊक असेल. परंतु आज मला विजेविषयीं बोलावयाचें नाहीं. चिपळुणाहून कऱ्हाडास जाणारा रस्ता आमच्या परिसरांतून पोफळीकडे जातो आणि पुढें सह्याद्रि चढूं लागतो. या रस्त्यानें लहान मालमोटारी सतत ये-जा करीत असतात. त्यांना आतां सर्वत्र ‘पिकअप’ असेंच म्हणतात. हंगामांत आपल्या घरीं येणारी आंब्याची पेटी बहुधा अशाच एखाद्या गाडीच्या हौद्यांतून घाट चढून आलेली असते.

यांतील पुष्कळ गाड्या जुन्या आहेत. मालक तोच चालक, आणि गाडीवर सारें घर चाललेलें. नवी गाडी घ्यावयाची म्हणजे कर्जाचे हप्ते वर्षानुवर्षें मानेवर घ्यावयाचे. म्हणून ‘गाडी पूर्वीसारखी ओढत नाहीं, हिची ताकद वाढवितां येईल काय?’ हा प्रश्न त्यांना खरोखरीच पोटाचा प्रश्न असतो. मी पडलों मॅट्रिक झालेला शाळामास्तर. पान्हा धरणाऱ्यांपैकीं नव्हे. पण अंकगणित व पदार्थविज्ञान आयुष्यभर शिकविलें, आणि या प्रश्नाचें निम्में उत्तर त्या दोन पुस्तकांतच आहे.

प्रथम हिशेब करूं. ७५ किलो वजन १ सेकंदांत १ मीटर उंच उचलणें म्हणजे एक मेट्रिक अश्वशक्ति. गाडी व माल मिळून वजन ३,००० किलो धरूं आणि चढ ५०० मीटर उंचीचा धरूं. काम झालें १५ लक्ष किलोग्रॅम-मीटर. तें २० मिनिटांत, म्हणजे १,२०० सेकंदांत करावयाचें, तर दर सेकंदास १,२५० पडलें. त्याला ७५ नीं भागलें कीं सुमारे १७ अश्वशक्ति येते. चाकांचें घर्षण, हवेचा विरोध आणि गिअरांतील नुकसान यांसाठीं आणखी आठ-दहा जोडा. कांहीं वळणांवर चढ अधिक तीव्र असतो, तेथें मागणीहि वाढते. तरीसुद्धां नवी असतांना साठ अश्वशक्ति देणारें इंजिन या कामाला पुरून उरावयास हवें. तें पुरत नसेल, तर ‘ताकद कशी वाढवावी’ याच्या आधीं ‘असलेली ताकद गेली कोठें’ हें विचारलें पाहिजे.

याच हिशेबांतून आणखी एक गोष्ट निघते. याच गाडींतून पांच क्विंटल माल कमी केला, तर तेवढ्याच वेळांत घाट चढण्यास जवळजवळ पावणेतीन अश्वशक्ति कमी लागते. ही बचत एकहि पैसा न खर्चतां होते. दुर्दैव असें कीं, मालवाहतुकीचा दर जिन्नसाच्या वजनावर ठरत असल्यामुळें हा उपाय सुचविणाऱ्याकडे चालक रागानें पाहतात. त्यांचा राग मला समजतो.

आतां इंजिनाकडे वळूं. डिझेल इंजिनाला डिझेल लागतें हें सर्वांना दिसतें, कारण त्याचे पैसे मोजावे लागतात. हवा लागते हें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यास निदान दहा हजार लिटर हवा लागते! दहा हजार लिटर म्हणजे पाण्याचा एक मोठा टँकर भरून हवा, आणि तीहि एकेका लिटरामागें. ही सारी हवा एका कागदी फिल्टरामधून आंत जावयाची असते. आमच्याकडे चिरेखाणींच्या वाटांवर जांभ्याची तांबडी, पिठासारखी धूळ उडते. ती फिल्टरांत बसली कीं इंजिनाचा श्वास कोंडतो, डिझेल अर्धवट जळतें आणि मागून काळा धूर निघतो. टर्बो असलेल्या गाडींत हवेच्या रबरी नळीला बारीकशी चीर गेली, तरी हेंच लक्षण दिसतें. शिवाय घाटमाथ्यावर हवाच विरळ. ६०० मीटर उंचीवर ती शेंकडा पांच-सहानें हलकी होते. टर्बो नसलेलें इंजिन माथ्याजवळ जास्तच दमतें, त्याचें हें एक कारण.

टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनें १९०५ सालीं पेटंट करून घेतली. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवावयाचा आणि त्याच्या जोडीच्या पंख्यानें इंजिनांत हवा दाबून भरावयाची, असें तें तत्त्व आहे. जें इंजिन मुळांतच त्यासाठीं घडविलें आहे, त्याला तें वरदान. परंतु साध्या जुन्या इंजिनावर बाहेरून टर्बो चढविला, तर पिस्टन, हेड गॅस्केट आणि थंडाव्याची व्यवस्था यांवर जो अधिक ताण पडतो, त्याची तरतूद कारखान्यानें केलेली नसते.

याहून स्वस्त व म्हणून अधिक प्रचलित असा एक प्रयोग आहे. त्यास ‘पंप वाढविणें’ म्हणतात. डिझेल पंपाचें सील तोडून स्क्रू फिरवावयाचा, कीं प्रत्येक फवाऱ्यांत डिझेल जास्त जातें. चार दिवस गाडी उड्या मारते, यांत शंका नाहीं. पण हवा तेवढीच असल्यामुळें जादा डिझेलाचा मोठा भाग काजळी होऊन बाहेर पडतो. लांब चढावर पिस्टनचें डोकें व सिलिंडरचें हेड नको तितकें तापतें. न जळलेलें डिझेल रिंगांच्या बाजूनें उतरून ऑईल पातळ करतें. चुलींत वारा न घालतां नुसतीं लांकडें कोंबावीं आणि भात लवकर शिजेल म्हणावें, तसला हा प्रकार. संगणकावर चालणाऱ्या अलीकडच्या इंजिनांत स्क्रूऐवजीं ‘चिप’ बदलतात. पण हवा आणि उष्णता यांचा हिशेब तेथेंहि सुटत नाहीं. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींत मूळ रचनेहून भिन्न फेरफार करण्यास आडवें येतें, आणि अपघातानंतर विम्याचे कागद निघतात तेव्हां तें कलम आठवतें.

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या हंगामापूर्वीं याच बेतांत होता. पंप वाढविण्याचा भाव ठरला होता, एवढेंच नव्हे तर गाडी कारखान्याच्या दारांत उभी होती. मी त्याला म्हटलें, ‘अरे, आधीं मागचीं चाकें जॅकवर उचलून हातानें फिरवून तर पाहा.’ तो म्हणाला, ‘गुरुजी, ताकद इंजिनांत असते, चाकांत नव्हे.’ पण त्यानें माझा मान राखला. उजवें चाक सुरळीत फिरलें. डावें दोन्ही हातांनीं रेटूनहि जेमतेम हललें. ब्रेकचें लायनर ड्रमला धरून बसलें होतें. म्हणजे प्रत्येक खेपेस तो घाट चढत होता आणि त्याच वेळीं ब्रेकहि लावीत होता!

मग आम्ही क्रमानें पाहत गेलों. टायरांत हवा कमी होती. क्लच प्लेट ठीक होती. ती घसरत असली म्हणजे इंजिनाचा आवाज चढतो, गाडीचा वेग मात्र चढत नाहीं आणि जळका वास येतो. हवेचा फिल्टर झटकला तेव्हां खालीं तांबड्या धुळीचा ढीग पडला. डिझेल फिल्टरांत पाणी सांपडलें. आमच्या पावसाळ्यांत तें न सांपडेल तरच नवल. नोझल काढून तपासावयास चिपळुणास पाठविले. नोझलमधून डिझेल धुक्यासारखें उडावयास हवें. त्याच्या दोघां नोझलांतून तें पिचकारीसारखें धारेनें येत होतें. टॅपेटचें अंतरहि जुळवून घेतलें. इतकें करूनहि गाडी चढली नसती, तर सिलिंडरचा दाब मोजून रिंग व वाल्व्ह पाहावे लागले असते, आणि तो खर्च मोठा. निळा धूर म्हणजे ऑईल जळत आहे. गरम इंजिनांतून सतत पांढरा धूर येऊं लागला व रेडिएटरांतील पाणी घटूं लागलें, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. आपल्या घरीं जुनी डिझेल मोटार असेल, तर आपणांसहि या खुणा उपयोगी पडतील.

हा सारा खर्च पंप वाढविण्याच्या ठरलेल्या भावाहून थोडा अधिक झाला, हें मी लपवीत नाहीं. पण पूर्वीं ज्या वळणावर त्याला पहिला गिअर टाकावा लागे, तेथें आतां दुसऱ्यावर गाडी चढते आणि मागें धुराचा पडदा राहत नाहीं.

एक गोष्ट राहिली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. जी गाडी चढली ती उतरावयाची असते. चढतांना इंजिनानें जें १५ लक्ष किलोग्रॅम-मीटर काम केलें, तेंच सारें भरल्या गाडीनें उतरतांना परत येतें. त्याची उष्णता केली तर चाळीस लिटर थंड पाण्याला उकळी आणील! कांहीं भाग रस्ता व हवा घेतात. बाकीची इंजिनानें रोधली नाहीं, तर चार ड्रमांनीं किंवा डिस्कांनीं पचवावी लागते. म्हणून खालच्या गिअरांत उतरावें लागतें. ब्रेक फार तापले कीं पायाखालीं पेडल असतें, परंतु गाडी थांबत नाहीं. इंजिनाची ताकद वाढविणारा कारागीर ब्रेकची ताकद वाढवीत नाहीं. जादा जोर आला म्हणून हौद्यांत जादा माल चढतो, आणि तो उतारावर जुन्याच ब्रेकवर येतो.

त्या विद्यार्थ्यानें डावें लायनर बदलतांना उजवेंहि बदलून घेतलें. ब्रेकचें जुनें ऑईल काढून नवें भरलें. माल मात्र तो अजून पूर्वीइतकाच भरतो. त्याबद्दल आमचा वाद चालू आहे.