वाहत्या पाण्याची ओळख



सुटीच्या दिवशी आपल्या घरांतली तरुण मुले कोलाडला जातात आणि रबरी तराफ्यात बसून कुंडलिकेच्या खळाळात उतरतात. या खेळाला राफ्टिंग म्हणतात. मुलांना घरी डांबून ठेवा, असे सांगायला मी उभा राहिलेलो नाही. नदीची ओळख करून घेतल्यावाचून तिच्यात उतरू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

वैशाखात कोकणातल्या नद्या नुसत्या गोट्यांच्या वाटा होऊन पडतात, तेव्हाही कुंडलिका वाहते. कारण ते पाणी तिचे नव्हे. ते घाटावरचे, मुळशीचे. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह चालविला, त्या धरणाचे. मुळेचे हे पाणी एरवी भीमा-कृष्णेतून पूर्वसमुद्राला जायचे. ते पश्चिमेकडे वळवून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात आणले. ते वीजघर १९२७ साली सुरू झाले. तेथील चाके फिरवून झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत येते. म्हणजे या नदीची भरती-ओहोटी चंद्रावर नव्हे, विजेच्या गरजेवर चालते! पाणी सुटले की तराफे निघतात. पण त्याच वेळी खाली कोणी गुडघाभर पाण्यात उभा असेल, तर थोड्याच वेळात त्याच्या पायाखालचा दगड दिसेनासा होतो. म्हणून काठावर पहिला प्रश्न विचारावा तो हा : आज पाणी केव्हा सुटणार आणि किती?

आता पाण्याच्या जोराचा हिशेब पाहा. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. खळाळांच्या १ ते ६ अशा प्रती जगभर मानतात. १ सोपी, ६ जिवावरची. परंतु ही प्रत दगडावर कोरलेली नसते. पाणी वाढले, की कालचा सोपा खळाळ आज अवघड होतो.

आणि गंमत अशी, की जेथे मोठा आवाज, तेथेच मोठा धोका, असेही नाही. बंधाऱ्याखाली पाणी दिसायला शांत असते, पण आत ते उलटे फिरते आणि माणसाला पुन्हापुन्हा भिंतीकडे ओढते. प्रवाहात आडवे पडलेले झाड चाळणीसारखे वागते : पाणी पार जाते, माणूस अडकतो. पट्टीचा पोहणाराही येथे हतबल होतो.

मग करावे काय? जाकीट अंगाला घट्ट बसेल असे बांधावे. कोणी खांद्यापाशी धरून वर ओढले आणि ते हनुवटीपर्यंत सरकले, तर ते सैल आहे असे समजावे. डोक्यावर शिरस्त्राण हवेच. तराफ्यातून पडल्यास वेगवान पाण्यात उभे राहण्याचा मोह आवरावा. पाय दगडांच्या फटीत अडकला, तर प्रवाह माणसाला पालथा पाडतो. उताणे व्हावे, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने आणि पाण्याच्या पृष्ठाशी ठेवावेत, आणि संधी मिळताच काठाकडे हात मारावेत. बचावाची दोरी फेकली गेली, तर हाताने धरावी; अंगाला कधीही बांधू नये. मद्य घेऊन नदीवर जाऊ नये, हे सांगावे लागू नये, पण सांगतो. आणि पावसाळ्यात सोडलेल्या पाण्यात डोंगराचे पाणी मिसळते. त्या दिवसांत तराफेवाला “आज नको” म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

मित्रहो, सर्वांत कठीण गोष्ट याहून निराळीच आहे. पैसे भरलेले असतात, सोबती हसत असतात, आणि अशा वेळी “जाकीट नीट बसत नाही, मी उतरणार नाही” असे म्हणायचे असते. त्याला आपण भित्रेपणा म्हणतो. माझ्या मते, त्या काठावर खरे धैर्य लागते ते तेवढ्यासाठीच. आपल्या मुलांना पोहायला अवश्य शिकवा. पण तेवढे एक वाक्य बोलायलाही शिकवा, आणि ते बोलून घरी परतलेल्या मुलाला हसू नका.