घरकुलाचा खर्च आणि अनुदानाची मर्यादा



गरिबाच्या घरासाठी शासनाने किती रक्कम द्यावी, हा प्रश्न इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली तेव्हापासूनचा आहे. २०१३ मध्ये सपाट प्रदेशात घरामागे ७०,००० रुपये मिळू लागले. २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली आणि ही रक्कम १,२०,००० रुपये झाली. डोंगराळ व दुर्गम भागासाठी १,३०,०००. महाराष्ट्रात यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. रोजगार हमीची मजुरी व शौचालयाचे अनुदान वेगळे.

पुढे हा आकडा तसाच राहिला. सिमेंट, लोखंड, वाळू यांचे भाव मात्र थांबले नाहीत. सिमेंटवर तर जुलै २०१७ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. म्हणजे अनुदानाचा काही अंश फिरून तिजोरीतच जात होता!

मर्यादा का घालावी लागते, हे साध्या हिशेबाने कळते. १२ कोटी रुपयांत १,२०,००० प्रमाणे १,००० घरे होतात. १,५०,००० दिल्यास ८००. उरलेली २०० कुटुंबे यादीतच राहतात. वित्त विभागाची ही अडचण खोटी नव्हे. परंतु मर्यादा गोठविल्याने घराचा खर्च कमी होत नाही. तो लाभार्थीच्या अंगावर पडतो. उसनवारी होते, दागिना मोडला जातो. तेही न जमल्यास भिंती लिंटलपाशी थांबतात. पुढचा हप्ता टप्पा पूर्ण झाल्यावर मिळतो, आणि पैशावाचून टप्पा पुरा होत नाही.

त्यातही हा दर सपाट व डोंगराळ एवढाच भेद जाणतो. मराठवाडा-विदर्भातील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तेथे पाया खोल न्यावा लागतो. जोते वर येण्यापूर्वीच बराच पैसा जमिनीत जातो. पाया उथळ ठेवला तर दोन-चार पावसाळ्यांत भिंतींना तडे जातात. राज्याने २०२५ च्या अर्थसंकल्पात ५०,००० रुपयांची वाढ जाहीर केली, हे चांगलेच झाले. पण मुरमाच्या गावाला आणि काळ्या मातीच्या गावाला ती सारखीच.

लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेल्या पोकळ भिंतीच्या रचनेत सुमारे २५ टक्के विटा वाचतात. ही पद्धत गावच्या गवंड्यांना शिकविता येईल. मात्र ती बचत जोत्यावरची. जोत्याखालच्या खर्चासाठी जमिनीच्या प्रकारानुसार दर ठरविण्यावाचून गत्यंतर नाही.