आधी कोणी शिकायचं?



दोन समाज लढून थकले की जाणती माणसं सांगतात, आता एकमेकांची भाषा शिका. सल्ला योग्यच आहे. पण ‘एकमेकांची’ म्हणताना एक प्रश्न बाजूला पडतो : आधी कोणी शिकायचं? आज मी श्रीलंकेविषयी बोलणार आहे, ते या प्रश्नासाठी. तिथली सिंहली ही आपल्या मराठीसारखीच इंडो-आर्यन कुळातली आणि तमिळ द्राविडी कुळातली. शतकानुशतकं दोन्ही एका बेटावर नांदल्या. वैर भाषांमध्ये नव्हतं, ते कायद्याने आणलं.

१९५६ साली सॉलोमन भंडारनायके निवडून येऊन पंतप्रधान झाले आणि सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. सुमारे सत्तर टक्के लोकांची ती भाषा, मग बिघडलं काय, असं समर्थन होत असे. बिघडलं ते तमिळ कारकुनाच्या घरात. वर्षानुवर्षं चोख काम केलेल्या माणसाला नोकरी आणि बढतीसाठी सिंहलीची परीक्षा देणं भाग पडलं. ५ जूनला कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर तमिळ नेते चेल्वनायकम यांच्या फेडरल पक्षाचे लोक सत्याग्रहाला बसले, तेव्हा जमावाने त्यांना मारहाण केली. पुढच्या वर्षी भंडारनायके आणि चेल्वनायकम यांच्यात करार झाला. उत्तर आणि पूर्व प्रांतांत तमिळमधून कारभार चालेल, असं त्यात होतं. १९५८च्या एप्रिलमध्ये भिक्खूंनी पंतप्रधानांच्या घरासमोर ठाण मांडलं आणि करार मोडीत निघाला.

त्याच सुमारास गाड्यांच्या नंबरपाटीवर सिंहली लिपीतलं ‘श्री’ हे अक्षर आलं. तशा पाट्यांच्या सरकारी बस उत्तरेतल्या तमिळबहुल जाफन्यात गेल्या, तेव्हा तिथल्या तरुणांनी त्या अक्षरावर डांबर फासलं. दक्षिणेत लोकांनी तमिळ पाट्यांवर डांबर फासून उत्तर दिलं. १९५८च्या मे महिन्यात दंगली उसळल्या. पुढचं आपण सारे जाणता. १९८१ साली जाफन्याचं ग्रंथालय जाळलं गेलं, सुमारे ९७,००० ग्रंथांची राख झाली. १९८३च्या जुलैत तमिळांची कत्तल झाली, यादवी युद्ध पेटलं आणि ते थांबायला २००९चा मे उजाडला.

तमिळला राजभाषेचं स्थान मिळालं ते १९८७च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. म्हणजे युद्ध संपलं तेव्हा कागदावर दोन्ही भाषा बरोबरीच्या होत्या. आता पोलीस ठाण्यात चला. तमिळभाषक बाई तक्रार घेऊन येते. समोरच्या हवालदाराला सिंहलीच येते. शेजारचा कोणीतरी दुभाष्या होतो, हवालदार त्याला समजलं तेवढं सिंहलीत उतरवतो आणि कागद बाईपुढे सरकवतो. त्यातलं एक अक्षर तिला वाचता येत नाही, तरी सही तिची. उद्या कोर्टात तोच तिचा जबाब. युद्धानंतर सरकारनेच नेमलेल्या आयोगाने २०११च्या अहवालात याची दखल घेतली. प्रत्येक ठाण्यात चोवीस तास दोन्ही भाषा जाणणारे कर्मचारी हवेत, तक्रारदाराला आपल्या भाषेत जबाब देण्याचा हक्क हवा आणि शाळेत मुलांना एकमेकांच्या भाषा सक्तीने शिकवाव्यात, असं त्यात सुचवलं होतं. २०१२च्या आरंभी सिंहली, तमिळ आणि इंग्रजीच्या त्रिभाषा उपक्रमाचा शुभारंभ झाला. त्यासाठी आपले डॉ. अब्दुल कलाम कोलंबोला गेले होते. घोषणेत काहीच कमी नव्हतं.

कमी होतं ते वर्गात. बहुतेक शाळा एकाच माध्यमाच्या, त्यामुळे सिंहली मूल आणि तमिळ मूल एका बाकावर येतच नाहीत. दुसरी भाषा हा तासापुरता विषय, आणि ती शिकवणारे शिक्षक अपुरे. २००७नंतर सरकारी नोकरीत आलेल्यांनी पाच वर्षांत दुसऱ्या राजभाषेची पात्रता मिळवावी, असा आदेशही निघाला. तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात शिकण्याचा भार खुर्चीवर बसलेल्या माणसावर आला, मग तो कोणत्याही समाजाचा असो. पण प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे खिडकीपलीकडच्या म्हाताऱ्याचं बोलणं कळतं, असं होत नाही.

इथे मी माझ्या प्रश्नाकडे येतो. कोलंबोत दुकान चालवणारा तमिळ माणूस सिंहली बोलतोच. त्याला कोणी उपक्रम राबवून शिकवली नाही, पोटाने शिकवली. कमजोर माणूस बलवानाची भाषा शिकतो ती गरज असते. तिला समेट म्हणू नये. समेटाची सुरुवात वरचढ समाजाने करायची असते. त्याला शिकल्यावाचून चालतं, तरीही तो शिकतो, तेव्हाच समोरच्याला विश्वास वाटतो.

भाषेने सगळं साधेल, असं मी म्हणत नाही. किलिनोच्चीत युद्धात बेपत्ता झालेल्या मुलांच्या आया २०१७पासून रस्त्याकडेला धरणं धरत आल्या आहेत. त्यांना मुलांचा ठावठिकाणा हवा आहे, न्याय हवा आहे. मात्र त्यांची फिर्याद ऐकणाऱ्याला ती त्यांच्याच शब्दांत कळली पाहिजे, निदान इतकं तरी देणं सरकारला अवघड नाही.

स्वातंत्र्यदिनाच्या सरकारी सोहळ्यात २०१६ साली राष्ट्रगीत तमिळमध्येही गायलं गेलं. २०२०मध्ये ते वगळलं. दोन वर्षांनी आर्थिक संकटात जनता रस्त्यावर उतरली, तेव्हा गॉल फेसवरच्या निदर्शकांनी ते तमिळमध्येही गायलं आणि १८ मे रोजी तिथेच, युद्धाच्या अखेरीस मुल्लिवाइक्कालमध्ये मेलेल्यांची आठवण म्हणून, सिंहली आणि तमिळ माणसांनी एकत्र कांजी घेतली. १९५६ साली सत्याग्रहींना जिथे मार बसला, तेच हे मैदान. लोक तयार आहेत, याचा याहून मोठा पुरावा मला नको.

म्हणून अशा देशांच्या बातम्या वाचताना किती परिषदा भरल्या, किती करार झाले, एवढ्यावर थांबू नका. हवालदार, कारकून आणि डॉक्टर यांनी समोरच्याची भाषा शिकली का, हे आवर्जून विचारा.