काळ्याचा तांबड्या होतो तेव्हा



खेड्यात कुत्र्याचं बारसं बहुधा त्याच्या रंगावरूनच होतं. काळं असलं की काळ्या, तांबडं असलं की तांबड्या, काळं-पांढरं असलं की बांड्या, अंगावर पट्टे दिसले की वाघ्या. नाव पडतं तेव्हा पिल्लू असतं महिन्या-दीड महिन्याचं. वर्षभरानं पाहावं तर ह्या काळ्याचं अंग चांगलं गव्हाळ, तांबूस झालेलं असतं. काळेपणा उरतो तो तोंडाच्या टोकाला, कानांच्या कडांना आणि शेपटीच्या शेंड्याला. नाव मात्र काळ्याच! पाहुणा विचारतो, ‘अहो, ह्याला काळ्या का म्हणता?’ आणि घरधन्याला काही उत्तर सुचत नाही.

हा प्रश्न गमतीचा दिसतो खरा, पण त्यात पिल्लाचं बरंवाईट गुंतलेलं आहे. पिल्लू निवडताना आपली पहिली नजर रंगावर जाते. मनाजोगा रंग पाहून ते घरी आणलं जातं. सहा महिन्यांत तो रंग पालटला की ‘आपल्याला फसवलं, पिल्लू बदलून दिलं’ अशी शंका येते. देणाऱ्याशी वाद होतो, आणि एखाद्या बाजाराच्या दिवशी ते मुकं जनावर परगावी सोडून दिलं जातं. ह्याच्या उलटही घडतं. पिल्लाचे केस रोगानं झडत असतात आणि घरची माणसं म्हणतात, ‘वाढीचं पिल्लू आहे, रंग बदलतोय.’ तेव्हा वाढीचा बदल कोणता आणि दुखण्याचा कोणता, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

प्रथम रंग येतो कुठून ते पाहू. केसाचं मूळ कातडीत असतं. त्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या बारीक पेशी असतात. त्यांना आपण रंगपेशी म्हणू. ह्या रंगपेशींपाशी रंग दोनच. एक काळा, तोच काही कुत्र्यांत तपकिरी होतो. आणि दुसरा पिवळा-तांबूस. हे दोन कमी-जास्त प्रमाणात मिसळले, फिके पडले, किंवा एखाद्या जागी रंगच नसला, की कुत्र्यांच्या अंगावरचे सगळे रंग तयार होतात.

कोणत्या वेळी कोणता रंग भरायचा, हे रंगपेशी आपल्या मर्जीनं ठरवीत नाहीत. केसाच्या मुळाशी एक प्रथिन तयार होतं. त्याचा निरोप पोचला की रंगपेशी काळा रंग थांबवते आणि पिवळा भरू लागते. ते प्रथिन आटलं की पुन्हा काळा सुरू. हे प्रथिन अंगाच्या कोणत्या भागात, केव्हा आणि किती व्हावं, ते आईबापांकडून आलेल्या जनुकांवर अवलंबून असतं. अमेरिकेतले शास्त्रज्ञ क्लॅरन्स कुक लिटल यांनी १९५७ साली कुत्र्यांच्या रंगांच्या अनुवंशावर एक अख्खा ग्रंथच लिहिला. पुढे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसून आलं, की काही कुत्र्यांना फिकट पिवळा रंग देणारं जनुकाचं रूप २० लाख वर्षांहूनही जुनं आहे. म्हणजे कुत्रा माणसाच्या दाराशी आला, त्याच्या कितीतरी आधीचं!

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. केस गवतासारखा बुडातून वाढतो. टोक हा त्याचा सर्वांत जुना भाग आणि बूड सर्वांत नवा. पुष्कळ तांबूस पिल्लांच्या पहिल्या केसांची टोकं काळी असतात. लव आखूड, त्यामुळे टोकं तेवढी दिसतात आणि पिल्लू काळपट वाटतं. केस वाढू लागला की बुडाकडून पिवळा भाग वर येतो. पुढे साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात बाळकेस गळू लागतात आणि मोठेपणीचे राठ केस येतात. त्या नव्या केसांत काळा भाग थोडाच असतो. काळ्याचा तांबड्या होतो, तो असा.

हे काही गावठी कुत्र्यांतच होतं असं नाही, बरं का! आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो त्या जर्मन शेफर्डची पिल्लं लहानपणी गडद असतात आणि वाढताना त्यांचे पाय, छाती, गाल तांबूस होत जातात. आयर्लंडातला केरी ब्लू टेरियर मोठेपणी निळसर राखी असतो. पण त्याची पिल्लं जन्मतात काळी कुळकुळीत, आणि राखी व्हायला त्यांना दीड-दोन वर्षं लागतात. ठिपक्यांसाठी जगभर नावाजलेला डाल्मेशियन तर जन्मतो जवळजवळ पांढरा. दहा-पंधरा दिवसांनी त्याच्या अंगावर ठिपके उमटू लागतात. पहिल्या आठवड्यात पाहणाऱ्याला हे ठिपक्यांचं कुत्रं आहे असं सांगितलं, तर त्याला ते पटायचं नाही.

आणि आपल्या गोठ्यात तरी वेगळं काय आहे? खिलार जातीच्या पांढऱ्याशुभ्र गाईचं नवं वासरू पाहा. त्याच्या टाळूवर विटकरी रंगाची झाक असते, ती काही महिन्यांत निघून जाते. शेतकरी त्याला नावं ठेवीत नाही, कारण ते त्याच्या पाहण्यातलं असतं. कुत्र्याकडे आपण तेवढं निरखून पाहत नाही, एवढंच.

पांढऱ्या डागांची तऱ्हा मात्र निराळी. गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्यालगत निघतात आणि तिथून अंगभर पसरतात. कपाळ, छाती, पायांची बोटं, शेपटीचा शेंडा हे मुक्काम लांबचे. तिथं त्या पुरेशा पोचल्या नाहीत, तर ती जागा पांढरी राहते. म्हणून छातीवरचा मोठा पांढरा पट्टा जन्मभर टिकतो. छातीवरचा किंवा बोटांवरचा बारीकसा ठिपका मात्र वाढत्या अंगात लहान होत जातो, कधी दिसेनासाही होतो.

मग पिल्लाचा पुढचा रंग आधी ओळखावा कसा? पिल्लू उजेडात घ्या. कानांच्या मागं आणि पाठीवर बोटांनी केस बाजूला करा आणि बुडाशी पाहा. बुडाशी जो रंग दिसेल, बहुधा तोच पुढं येणार. टोक काळं आणि बूड पिवळं असेल, तर पिल्लू उजळणार असं समजावं. हा अंदाज आहे, करार नव्हे. आईच्या रंगावर फारसं विसंबू नये, कारण बाप कोण ते आपल्याला ठाऊक नसतं. एकाच वितातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. एका आईची चार पिल्लं चार रंगांची निघाली, म्हणून कुणी पिल्लू बदललं असं होत नाही.

आता दुखण्याचं. काळ्या केसाची टोकं तांबारली आणि बूड काळंच राहिलं, तर तो पुष्कळदा उन्हाचा परिणाम असतो. पण सगळा केस निस्तेज, ठिसूळ, तांबूस झाला आणि पिल्लू खंगत असेल, तर खाण्यात उणं आहे, नाहीतर पोटात जंत आहेत असा संशय घ्यावा. काळा रंग तयार व्हायला प्रथिनं लागतात, किंचित तांबंही लागतं. नुसत्या भाकरीच्या तुकड्यांवर ते भागत नाही. आणि तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. वाढीचा बदल अंगभर, हळूहळू आणि खाजेवाचून होतो. चकंदळं पडणं, डोळ्यांभोवती किंवा कोपरांवर कातडी उघडी पडणं, खपल्या धरणं, रात्रंदिवस खाजवणं, हा रंगबदल नव्हे; ती खरूज किंवा नायटा असू शकतो. ह्यांतली काही दुखणी माणसालाही लागतात, आणि पिल्लाला सर्वांत जास्त कवटाळतात ती घरातली मुलं. अशा वेळी जनावरांचा दवाखाना गाठावा. गाडीचं जळकं तेल फासण्याची खेड्यात रीत आहे, ती मात्र सोडली पाहिजे. कुत्रं अंग चाटतं, तेल पोटात जातं, आणि खरूज राहते बाजूला, पिल्लूच दगावतं.

शिक्षकबंधू-भगिनींना एक सुचवावंसं वाटतं. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी कुत्री व्याली असेल, तर एका पिल्लाची नोंदवही ठेवा. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झाल्यावर, घरच्या माणसांच्या देखत, दर पंधरा दिवसांनी मुलांनी त्याचं साधं रेखाचित्र काढावं आणि रंग भरावेत. पहिल्याच पानावर प्रत्येकानं आपला अंदाज लिहावा: मोठेपणी हे कसं दिसेल? अंगावर पिल्लं असलेल्या कुत्रीच्या जवळ मुलांना जाऊ देऊ नका. चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं १५ मिनिटं धुऊन लगेच सरकारी दवाखान्यात न्या. वर्षअखेरीला पहिलं पान उघडलं, की आपण काय ठरवलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे मुलांना आपल्याच हस्ताक्षरात वाचायला मिळेल. पाहणं, लिहून ठेवणं आणि अंदाज चुकला तर तो मोकळेपणानं मान्य करणं, हा विज्ञानाचा पहिला धडा ह्याहून स्वस्तात मिळायचा नाही.

आणि पिल्लू घरी आणणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. आठ आठवडे ते आईपाशी राहू द्या. त्याचे डोळे स्वच्छ आहेत का, ते खेळतं का, पोटभर खातं का, माणसाजवळ येतं का, ते पाहा. तीन महिन्यांचं झालं की पिसाळरोगाची लस टोचून घ्या आणि पुढच्या मात्रा चुकवू नका. रात्री अंगणात भुंकून उठवणाऱ्या कुत्र्याचा रंग अंधारात कुणी पाहत नाही. म्हणून नाव ठेवायची घाई करू नका. आणि ठेवलंच असेल काळ्या, तर त्याचा तांबड्या झाल्यावरही त्याला त्याच नावानं हाक मारा. तो ओ देईलच.