फळझाडांच्या पानांवरील रोग
(राजारामपुरी, कोल्हापूर येथे ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपण राजारामपुरीत राहत असलो, तरी आपल्यापैकी कित्येकांचे आप्त तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागा करतात. ऑक्टोबरची छाटणी झाली की त्या घरांचे सारे लक्ष पानांकडे लागते. कारण वर्षाची देणी आणि मुलांचे शिक्षण त्या पानांवरच अवलंबून असते. नोव्हेंबर २००९ मधील फयान वादळाच्या पावसाने महाराष्ट्रातील अनेक बागांत केवडा पसरला आणि हाताशी आलेले घोस गेले.

प्रथम रोग ओळखावा. केवड्यात पानावर तेलकट पिवळे डाग पडतात व त्यांच्या खालच्या अंगास पांढरी बुरशी येते. हा ओल्या पानाचा रोग होय. भुरीत पानावर राखेसारखी पूड दिसते. तिला पान ओले असण्याची गरज नसते. परसातील आंब्याच्या मोहरावर येते तीही भुरीच. भुरीवर गंधक चालते, केवड्यावर चालत नाही.

केवड्यावरील उपायाचा इतिहास मनोरंजक आहे. फ्रान्समधील बोर्दोच्या परिसरात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून शेतकरी कडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपीत. त्याच वेलींची पाने टिकलेली पाहून प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ मध्ये हे मिश्रण जगापुढे मांडले.

त्याची कृती अशी: १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात व १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात वेगवेगळे कालवावे. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतीत ढवळावे. भांडे लोखंडी नसावे. मिश्रणात स्वच्छ लोखंडी सुरी बुडवावी. तिच्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुना घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. कोवळ्या फुटीस ते तीव्र ठरते. तेथे जाणत्याचा सल्ला घ्यावा.

परंतु ध्यानात ठेवावे, हे मिश्रण पहारेकरी आहे, वैद्य नव्हे. पानात शिरलेला रोग ते बाहेर काढू शकत नाही. म्हणून फवारणी पावसाआधी व्हावी. गळलेल्या रोगट पानांत केवडा दडून राहतो; ती गोळा करून पुरावीत. बुरशीला कुंपण कळत नाही. एकाने बाग राखली आणि शेजाऱ्याने पाने तशीच कुजू दिली, तर दोघांचेही श्रम व्यर्थ जातात. ज्ञातीचे ऐक्य केवळ मेळाव्यात न राहता बांधावरही दिसावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.