लॉक हरवलं तर मजकूर कुणाचा?



सॉफ्टवेअरचं कॉपी प्रोटेक्शन हा विषय निघाला की ते गेम खेळणाऱ्या कॉलेजातल्या मुलांचं दुखणं आहे असं आपल्याला वाटतं. ते आहेच. पण मी सुरुवात गेमपासून करणार नाही. ठाण्याचा गोखले रोड, डोंबिवलीचा फडके रोड, कल्याणचा शिवाजी चौक यांच्या आजूबाजूला लग्नपत्रिका आणि सोसायट्यांचे वार्षिक अहवाल करून देणारी डीटीपीची दुकानं आहेत, तिथून करणार आहे. मराठी माणसाला सॉफ्टवेअरचं लॉक प्रत्यक्ष हातात घेऊन पाहायला मिळालं ते अशाच दुकानांत.

नव्वदीच्या दशकात मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकत घेतलं की खोक्यात फ्लॉप्या किंवा सीडी, कीबोर्डचा छापील तक्ता आणि काडेपेटीएवढा प्लास्टिकचा एक ठोकळा निघायचा. कुणी त्याला डाँगल म्हणे, बहुतेक ऑपरेटर नुसतं लॉक म्हणत. कॉम्प्युटरच्या पाठीमागे प्रिंटरसाठी पंचवीस भोकांचं पोर्ट असायचं. त्यात आधी लॉक बसवायचं, दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळायचे आणि लॉकच्या पाठीवर प्रिंटरची केबल जोडायची. सॉफ्टवेअर सुरू होताना, आणि नंतरही अधूनमधून, पोर्टाकडे एक आकडा पाठवी. लॉकमधली चिप ठरलेल्या गणितानं त्याचं उत्तर परत करी. उत्तर आलं नाही की पडद्यावर एका ओळीची सूचना आणि काम बंद. सीडीच्या हव्या तेवढ्या कॉप्या काढा, लॉकची कॉपी होत नसे.

दुकानात मशीन दोन आणि लॉक एक, हे सर्रास. मग मजकूर टाइप करणारी एका मशीनवर, पानं लावणारा दुसऱ्यावर, आणि लॉक दिवसभर इकडून तिकडे. चालू मशीनवर घाईनं काढघाल केली तर चिप जाईल या भीतीनं जाणते ऑपरेटर आधी मशीन बंद करत. ट्रेसिंग पेपरवर शेवटचं पान निघून ऑफसेटवाल्याकडे गेलं की मालक शटर ओढताना गल्ल्यातल्या पैशांबरोबर लॉकही घरी नेई. दसऱ्याला कॉम्प्युटरला हार घालताना लॉकलाही हळदीकुंकू वाहिलेलं मी पाहिलं आहे. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. हरवलं तर बहुतेक करारांप्रमाणे सॉफ्टवेअर नव्यानंच विकत घ्यावं लागे.

आता सॉफ्टवेअर करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम, बंगळूरच्या सायबरस्केपचं आकृती, यांच्या फॉन्टवर मराठी छपाईची दोन दशकं उभी राहिली. देवनागरीचा एकेक फॉन्ट म्हणजे जोडाक्षरं, वेलांट्या, रफार धरून महिनोन्‌महिन्यांचं काम. गिऱ्हाईक मात्र थोडं, आणि त्या थोड्यांतही एकानं घ्यायचं नि दहांनी उतरवून घ्यायचं ही आपली रीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गाला, कुठलंही सॉफ्टवेअर कोऱ्या सीडीच्या भावात मिळत असताना या मंडळींनी लॉक लावलं नसतं तर त्यांची दुकानं कधीच बंद झाली असती. तेव्हा लॉक लावलं याबद्दल माझी तक्रार नाही. ते कधी काढायचं, हे कुणीच ठरवलं नाही, याबद्दल आहे.

कारण लॉक प्रोग्रॅमला होतं, पण अडकला तो मजकूर. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरं बसवलेली असत, आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची तऱ्हा वेगळी. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी टोप्या घातलेली युरोपी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं. फॉन्टची फाइल कुठून तरी मिळवली तर वाचता येई. पण दुरुस्ती करायची, दुसऱ्या फॉन्टात न्यायची, तर लागणारा कीबोर्ड आणि कन्व्हर्टर हे दोन्ही लॉकच्या पलीकडे. अक्षरांच्या जागा सगळ्यांसाठी एकच ठरवणारं, देवनागरीचा समावेश असलेलं युनिकोड १९९१ मध्ये आलं, विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह ते कॉम्प्युटरवर पोचलं. तरी डीटीपीवाले जुन्यालाच चिकटून राहिले, आणि तो त्यांचा हट्ट नव्हता. पानं लावण्याच्या पेजमेकर या प्रोग्रॅमला युनिकोडमधली देवनागरी शेवटपर्यंत आली नाही. इनडिझाइनला ती धडपणे आली २०१२ मध्ये. तोवर जे छापलं गेलं ते बहुतेक जुन्या फॉन्टात, लॉकच्या आधारानं.

डिसेंबर २०१० मध्ये ठाण्यात ८४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीत ९०वं. संमेलन म्हटलं की स्मरणिका आली, पत्रकं आली, आणि या पट्ट्यातले दिवाळी अंक तर दरवर्षीचेच. छापील प्रती आहेत. पण त्यांच्या फाइली कुणाकडे, कुठल्या फॉन्टात, आणि त्या फॉन्टचं लॉक आज कुठल्या ड्रॉवरमध्ये? नव्या लॅपटॉपांवरून प्रिंटरचं ते पोर्ट गेलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

आता गेमकडे वळू. आपल्या पिढीनं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळला नसेल असं घर विरळा. जॉर्डन मेकनरचा हा गेम १९८९चा. त्यात पहिला मजला संपला की एक खोली लागायची, खोलीत अक्षरं लिहिलेल्या औषधाच्या कुप्या, आणि खाली फर्मान: पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या तमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधा आणि त्या अक्षराची कुपी प्या. चुकत राहिलात तर मेलात. ज्यानं गेम विकत घेतला त्याच्याकडे पुस्तिका असणार, असा हिशेब. आपल्याकडे गेम आला तो शाळेच्या लॅबमधून, मामाच्या ऑफिसातून, फ्लॉपीवर, आणि पुस्तिका कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पण बहुतेकांच्या फ्लॉपीवर ती खोली आधीच कुणीतरी उडवलेली असे. वर ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप केलं की हव्या त्या मजल्यावर उडी मारता येते, हे सहावीतल्या मुलालाही ठाऊक. म्हणजे लॉकचा जाच झाला कुणाला? पैसे मोजून गेम घेतलेल्या आणि पुस्तिका हरवलेल्या माणसाला.

पुढे हेच मोठ्या प्रमाणावर झालं. सप्टेंबर २००८ मध्ये ‘स्पोर’ हा गेम आला तो फक्त तीनदा इन्स्टॉल करता येईल या अटीसह. गिऱ्हाइकांनी ॲमेझॉनवर एकेक तारा देऊन हैदोस घातला, आणि चोरून उतरवल्या गेलेल्या त्या वर्षीच्या गेमांत त्याचंच नाव सर्वांत वर राहिलं. मार्च २०१० मध्ये युबीसॉफ्ट या कंपनीनं ‘असॅसिन्स क्रीड २’ कॉम्प्युटरवर आणला आणि अट घातली की एकटे खेळत असलात तरी इंटरनेट सतत चालू हवं. तुटलं की खेळ थांबला. ज्यांनी ही अट लिहिली त्यांनी २०१० मधलं कल्याण-डोंबिवली पाहिलं नव्हतं. ठाणे शहर एमटीएनएलचं, ०२२चं. दिवा स्टेशन ओलांडलं की बीएसएनएल आणि ०२५१. बीएसएनएलच्या लोकप्रिय प्लॅनमध्ये डाउनलोड मोफत असे ते रात्री दोन ते सकाळी आठ. पोरं गजर लावून उठत. त्यात लोडशेडिंग. घरात इन्व्हर्टर असला तरी केबलवाल्याच्या जिन्यातल्या डब्याला तो थोडाच असतो. तिकडे युबीसॉफ्टचा सर्व्हर आठवड्याभरातच आडवा झाला, हल्ला झाला असं कंपनीनं सांगितलं, आणि पैसे भरलेली गिऱ्हाइकं खोळंबून बसली. याच युबीसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आपल्या पुण्यात आहे. तिथल्या कुणी डोंबिवलीची लोकल पकडून पाहायला हवी होती.

त्यापुढची पायरी ‘द क्रू’ या मोटारींच्या गेमची. २०१४ च्या डिसेंबरात तो बाजारात आला. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केला, आणि कपाटात डिस्क असलेल्या माणसाकडेही गेम उरला नाही. त्यावरून युरोपात मोहीम सुरू झाली: गेम बंद करायचा तर करा, पण बंद करताना तो घरच्या घरी चालेल अशी सोय करून जा. दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियानं कायदाच केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू. डिजिटल वस्तू काढून घेतली जाऊ शकत असेल तर तिच्या बटणावर ‘विकत घ्या’ एवढंच लिहून चालणार नाही, हा नुसता वापराचा परवाना आहे हे स्वच्छ सांगावं लागेल. आणि युबीसॉफ्टनंही ‘द क्रू’च्या पुढच्या दोन भागांना इंटरनेटशिवाय चालण्याची सोय देण्याचं सप्टेंबर २०२४ मध्ये कबूल केलं. आरडाओरडा केला की कंपन्या ऐकतात, उशिरा का होईना.

लॉकशिवाय धंदा होत नाही हेही खरं नाही. पोलंडमध्ये १९९९ साली वॉर्साचा बाजार चोरीच्या सीड्यांनी भरलेला असताना सीडी प्रोजेक्ट नावाच्या छोट्या कंपनीनं ‘बाल्डर्स गेट’ हा परदेशी गेम पोलिश भाषेत आणला. नामवंत नटांचे आवाज, खोक्यात नकाशा, पुस्तिका, गाण्यांची सीडी. चोरीच्या सीडीत हे मिळत नव्हतं, लोकांनी खोकं विकत घेतलं. त्याच कंपनीनं २०१५ मध्ये ‘विचर ३’ स्वतःच्या दुकानातून कुठल्याही लॉकशिवाय विकला, आणि सगळीकडचा मिळून त्याचा खप पाच कोटींवर गेला. मराठीत बोलणारा, मराठी पुस्तिका असलेला मोठा गेम आपल्याला कुणी विकायलाच आणला नाही. फोर्टच्या फुटपाथवरून सीडी घेणाऱ्या डोंबिवलीकराला नावं ठेवताना हेही आठवावं.

कायदा काय म्हणतो? आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५-अ हे कलम आलं. हक्क बुडवण्याच्या हेतूनं लॉक तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शब्द नीट ऐका: हेतूनं. कायद्यानं मनाई नसलेल्या कामासाठी लॉक बाजूला केलं तर तो गुन्हा नाही. दुसऱ्याला तसं करून देणाऱ्यानं मात्र त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची आहे. आणि कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रॅमची प्रत, मूळ बिघडेल या धास्तीनं, करून ठेवायची मुभा तर कलम ५२ मध्ये त्याच्याही आधीपासून आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यापेक्षा आपला कायदा या बाबतीत शहाणा आहे, फक्त आपल्याला तो माहीत नाही.

पण एक उणीव त्यातही राहिलीच. कॉपीराइटला मुदत असते, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून कुणीही छापू शकतो. लॉकला अशी मुदत नाही. कंपनी बंद झाली, सर्व्हर मोडीत गेला, ठोकळा हरवला, तरी लॉक लागलेलंच. माझं म्हणणं इतकंच की लॉक लावणाऱ्यानं ते उघडण्याची तारीखही लिहावी, निदान आपण विक्री आणि दुरुस्ती थांबवू त्या दिवशी किल्ली देऊन जावं. सरकार स्वतःसाठी सॉफ्टवेअर घेतं तेव्हा ही अट करारात घालायला कुणाची हरकत आहे? जॉर्डन मेकनरला त्याच्या गेमचा मूळ प्रोग्रॅम असलेल्या फ्लॉप्या २०१२ मध्ये वडिलांच्या घरातल्या कपाटात मिळाल्या. त्या वाचायला त्याला जुन्या मशीनचे जाणकार बोलवावे लागले, आणि वाचून झाल्यावर त्यानं तो सगळा प्रोग्रॅम लोकांसाठी खुला केला. हा एक माणूस मनानं मोठा निघाला. पण सगळंच मनाच्या मोठेपणावर सोडून भागणार नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं. अशा संस्थांत, दिवाळी अंकांच्या संपादकांच्या घरी, शाळांच्या कार्यालयांत जुन्या सीड्या आणि हार्ड डिस्क पडून असतील तर माझी विनंती आहे की त्या याच वर्षी काढा. ज्या डीटीपीवाल्यानं काम केलं होतं त्याला गाठा, त्याचं लॉक अजून चालत असेल तर त्याच्याच मशीनवर बसून सगळा मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या, आणि त्या कामाचे पैसे त्याला द्या. एक प्रत वाचनालयात ठेवा. आणि यापुढे पैसे देऊन कुठलंही सॉफ्टवेअर किंवा गेम घेताना दुकानदाराला विचारा: इंटरनेट बंद असताना हे चालेल का, आणि तुमची कंपनी उद्या नसेल तेव्हा चालेल का? उत्तर लेखी मागा.