सागवनाचा रंग



सतराव्या शतकाआधी इटलीतल्या चित्रांत डोंगर आणि झाडं असायची, पण बहुधा संतांच्या आणि देवदूतांच्या पाठीमागे. क्लोद लोरँ या चित्रकारानं त्या डोंगर-झाडांना पुढं आणलं. मूळचा लोरेन प्रांतातला हा माणूस रोममध्ये राहिला आणि १६८२ साली तिथंच वारला. त्याच्या चित्रांतली माणसं लहान, आणि मावळता सूर्य अगदी समोर. त्याला ओळखणाऱ्या झांड्रार्ट या चित्रकारानं लिहून ठेवलंय, की क्लोद उजाडायच्या आत रानात जाऊन बसे, अंधार पडेपर्यंत आभाळ पाही, दिसले तसे रंग कालवी आणि घरी येऊन चित्रात भरी.

अशी निष्ठा आपल्याकडे आबालाल रहिमान यांची. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा कलावंत कोल्हापूरला परतला आणि कोटितीर्थ तलावाच्या काठी राहिला. कोटितीर्थ तोच, रंकाळा तलावही तोच, पण प्रहर बदलला की नवं चित्र. नंतरच्या चित्रांत तर रंगाचे बारीक बारीक फटकारे शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात; चार पावलं मागं सरलं की त्यांचं पाणी होतं. १९२२ साली शाहू महाराज गेले, तेव्हा दुःखानं त्यांनी कित्येक चित्रं कोटितीर्थातच सोडली, असं सांगतात. ऐकूनच जीव तुटतो.

आता आपल्या झरी जामणी तालुक्याकडं या. इथं पैनगंगा आहे, सागाचं जंगल आहे, फागुनात पेटलेला पळस आहे, धुऱ्यापर्यंत पऱ्हाटी आहे. तरी शाळेत 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की पोरं दोन टोकदार डोंगर काढतात, मधे सूर्य आणि बाजूला नारळाचं झाड! नारळ यांनी पाहिलाय तो देवापुढं फोडताना. यात पोरांचा काही दोष नाही. त्यांना वावरात नेऊन कुणी बसवलेलंच नाही.

तालुक्यातल्या कलाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, पानगळीत एक तास सागवनापुढं घ्या. झाडाखाली पडलेलं वाळकं पान पोरांच्या हाती द्या. त्याचा रंग डबीत तयार मिळत नाही, कालवावाच लागतो. गेरूत किंचित निळा घाला, मग थोडा पिवळा, आणि पान कागदाशेजारी धरून पाहू द्या.